स्पॅम फिल्टर दर दीड-दोन महिन्यांनी बिघडतो: काय तपासायचं, काय ठरवायचं

तक्रार नेहमी त्याच क्रमाने येते. आधी पार्ल्याच्या सीए ऑफिसातून फोन: "अहो, क्लायंटचं म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट आठ दिवस स्पॅममध्ये पडून होतं, आत्ता सापडलं." मी ते बाहेर काढतो, फिल्टरला 'हा चांगला' म्हणून शिकवतो. दोन-तीन दिवसांनी गिरगावातल्या सोसायटीचे सेक्रेटरी काका: "अरे, इनबॉक्सात पुन्हा बिल्डरांची जत्रा भरलीय." ते सगळे मेल स्पॅम म्हणून शिकवतो. महिनाभर शांतता. मग दादरच्या टूर कंपनीचे मालक चिडून विचारतात, हॉटेलचे सीझनचे रेट आलेच नाहीत कसे? तेव्हा कळतं की चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू झालंय.

वर्षभर मी हे नळाचा वॉशर बदलावा तसं करत होतो. गळलं की बदल. एकदा सलग दोन रविवार बसून मुळाशी गेलो, तेव्हा काय सापडलं ते इथे मांडतोय. छोट्या ऑफिसांचे मेल सांभाळणाऱ्यांना उपयोग होईल. जीमेल किंवा आउटलुक वापरणाऱ्यांनाही बरंचसं लागू पडेल, कारण 'स्पॅम म्हणून कळवा' हे बटण तिथेही फिल्टरला शिकवण्याचंच काम करतं.

मांडणी साधी आहे. भाड्याचा एक सर्व्हर, त्यावर तीन ठिकाणांचे मेल: सीए ऑफिस, सोसायटी, टूर कंपनी. मेलची ने-आण करायला पोस्टफिक्स, मेलबॉक्स सांभाळायला डव्हकॉट आणि गाळणीला स्पॅमअसॅसिन. स्पॅमअसॅसिन प्रत्येक मेलला गुण देतो. बेरीज ५ झाली की मेल स्पॅम. त्यात बेझ नावाचा एक भाग असतो, जो आपण दाखवलेल्या उदाहरणांवरून शब्द शिकतो. आमचा सगळा घोळ या भागात होता, पण तिथे पोचायला वेळ लागला.

आधी साध्या गोष्टी

मर्यादा कोणी हलवलीय का बघा. माझ्याकडे ती ४ होती. हलवणारा मीच, मागे एका चिडलेल्या संध्याकाळी. परत ५ वर आणली.

शिकवणारा आदेश कोणत्या युजरच्या नावाने चालतोय ते बघा. रूट (सर्व्हरचा मुख्य युजर) म्हणून शिकवलं आणि फिल्टर दुसऱ्या युजरच्या नावाने चालत असला, तर शिकवणी भलत्याच वहीत, म्हणजे भलत्याच युजरच्या नोंदींत, जमा होते. तास न् तास शिकवा, निकालात तसूभर फरक पडत नाही. हा घोळ फार जणांचा होतो, म्हणून लिहिला.

भाषेचा प्लगइन चालू असेल तर मराठीला परवानगी दिली आहे का ते तपासा. यादीत फक्त इंग्रजी असेल तर सोसायटीची सभेची नोटीस 'नको असलेल्या भाषेतली' ठरून फुकटचे गुण खाते. मराठीबरोबर हिंदी, संस्कृत, नेपाळीही घालून टाका. लिपी एकच असल्यामुळे छोट्या मजकुरावर ओळखणाऱ्याची गल्लत होते.

आता फॉरवर्डचा किस्सा, जो मला महागात पडला. सीए ऑफिसातल्या ताई फार मनापासून काम करणाऱ्या. प्रत्येक स्पॅम मेल मला फॉरवर्ड करायच्या, वर एक ओळ: "सर, हे बघा पुन्हा." खाली त्यांची सही, ऑफिसचा पत्ता, स्टेशनपासूनची खूण, फोन नंबर. मी ते सगळे फॉरवर्ड भाबडेपणाने स्पॅमच्या शिकवणीत घातले. फॉरवर्ड करताना मूळ मेलचे हेडर (कोणाकडून, कुठून आला ते सांगणाऱ्या वरच्या ओळी) गळून पडतात आणि फॉरवर्ड करणाऱ्याचे लागतात. म्हणजे दोन महिने मी फिल्टरला इमाने-इतबारे शिकवत होतो की ताईंचं नाव, पार्ले पूर्वचा पिनकोड आणि 'सर, हे बघा पुन्हा' ही स्पॅमची लक्षणं आहेत. नंतर क्लायंटनी ताईंच्या मेलला दिलेली उत्तरं, ज्यात खाली ताईंची सही जशीच्या तशी यायची, ती स्पॅममध्ये जायला लागली. ताईंना हे अजून सांगितलेलं नाही.

तेव्हा फॉरवर्ड केलेला मेल कधीही शिकवणीला वापरू नका. मूळ मेल फोल्डरात हलवायला सांगा, किंवा अटॅचमेंट म्हणून पाठवायला सांगा. त्यात हेडर शाबूत राहतात. चुकीचं शिकवलेलं असेल तर तोच मेल उलट बाजूने पुन्हा शिकवा, आधीची नोंद स्पॅमअसॅसिन स्वतः काढून टाकतो.

एवढं सगळं केल्यावर वाटलं, सुटला प्रश्न. सात आठवड्यांनी पार्ल्याहून फोन.

तेच पाठवणारे, दोन्ही डब्यांत

मग शिकवणीला गेलेले सगळे मेल एका तक्त्यात काढले आणि पाठवणाऱ्याच्या नावाने लावले. चहा गार झाला तो तिथे. एकाच फंड कंपनीचे ११ मेल 'स्पॅम' म्हणून शिकवलेले आणि ९ मेल 'चांगले' म्हणून. एका हॉटेलचं तसंच. एका ऑफिस-सामानाच्या दुकानाचं तसंच. आणि बिल्डरांचं तर विचारूच नका.

कोणी मुद्दाम केलं नव्हतं. तीन ठिकाणची चार माणसं, आणि प्रत्येकाच्या मनात स्पॅमची व्याख्या वेगळी. ताईंच्या मते कंटाळा आणणारा मेल म्हणजे स्पॅम. सीए मॅडमच्या मते ऑफिसच्या कामाचा नसलेला. काकांच्या मते इमारतीचं चित्र असलेला कुठलाही. टूर कंपनीच्या मालकांना मात्र काहीही स्पॅम वाटत नाही, त्यांना रोज सकाळी सगळं वाचायला आवडतं.

आता बेझच्या आत काय होतं ते बघा. तो प्रत्येक शब्दाचा हिशेब ठेवतो: हा शब्द स्पॅममध्ये किती वेळा आला, चांगल्यात किती वेळा. 'ऑफर', 'सवलत', 'शेवटचे दोन दिवस' हे दोन्ही डब्यांत सारखेच आले की त्यांचा काटा मध्यावर येतो, आणि मध्यावरचे शब्द तो निकालात धरतच नाही. म्हणजे जाहिरात ओळखायचे शब्द बाद झाले. उलट ताईंनी फंड कंपनीच्या जाहिराती स्पॅम म्हणून हलवल्या, त्यामुळे 'फोलिओ', 'एनएव्ही', 'युनिट' हे शब्द बदनाम झाले. मग खरं स्टेटमेंट येतं. मेलमध्ये मजकूर चार ओळींचा, बाकी सगळं पासवर्ड लावलेल्या पीडीएफमध्ये, जिथे फिल्टर डोकावू शकत नाही. त्या चार ओळींत नेमके हेच बदनाम शब्द. गेला स्पॅममध्ये.

म्हणूनच जाहिराती आत आणि स्टेटमेंट बाहेर, हे दोन्ही एकाच वेळी व्हायचं. मला इतके दिवस ते दोन वेगळे बिघाड वाटत होते. आणि फरक किती पडतो? बेझची पक्की खात्री पटली की मेल स्पॅम आहे, तर तो ३.५ गुण चढवतो. चांगला असल्याची खात्री पटली तर १.९ उतरवतो. दोन टोकांतलं अंतर ५.४, म्हणजे स्पॅम ठरायच्या ५ च्या मर्यादेहून जास्त. एकट्या बेझचं डोकं फिरलं तरी खेळ खलास.

त्यात भर म्हणजे आपोआप शिकण्याची सोय चालू होती. बेझ सोडून बाकीच्या नियमांचे गुण ०.१ च्या खाली आले तर फिल्टर तो मेल आपणहून चांगला म्हणून शिकतो, १२ च्या वर गेले तर स्पॅम म्हणून. मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती तांत्रिकदृष्ट्या अगदी स्वच्छ असतात. पाठवणाऱ्याची डिजिटल सही बरोबर, सर्व्हर नावाजलेला, हेडर व्यवस्थित. त्या सहज ०.१ खाली येतात. म्हणजे मी रविवारी साफ केलेलं घर सोमवारपासून आपोआप मळत होतं, आणि दीड-दोन महिन्यांत तक्रार करण्याइतकं मळायचं. 'दर दीड-दोन महिन्यांनी' या कोड्याचं उत्तर इथे मिळालं.

मागितला होता का?

यावर उपाय फिल्टरमध्ये नाही. आधी माणसांनी ठरवायला हवं की व्यापारी मेलपैकी स्पॅम कशाला म्हणायचं.

स्पॅमविरोधी काम करणारी स्पॅमहाउस ही संस्था जी व्याख्या वापरते ती मला सगळ्यात कामाची वाटली: न मागितलेला आणि घाऊक पाठवलेला. दोन्ही अटी लागतात. मजकूर काय आहे याला त्यात जागाच नाही. साडीची जाहिरात आहे, कर्जाची आहे की अनाथाश्रमाच्या मदतीचं आवाहन, त्याने फरक पडत नाही.

हे काकांना समजावताना मी त्यांचंच उदाहरण घेतलं. पुनर्विकासाचे प्रस्ताव घेऊन बिल्डर आणि सल्लागार त्यांना आठवड्याला पाच-सहा मेल पाठवतात. सोसायटीचा मेल पत्ता गेटवरच्या बोर्डावर आहे, तिथून कोणीतरी उचलला आणि पुढे विकला. गिरगावातल्या निम्म्या सोसायट्यांना तोच मेल, फक्त वरचं नाव बदलून. म्हटलं, "काका, हा स्पॅम आहे. पण उद्या तुम्ही सहकारी संस्था कायद्यातल्या ७९ (अ) च्या नियमाने विशेष सभा घेऊन ठराव केलात आणि निविदा मागवलीत, तर हाच मेल, हाच बिल्डर, हीच इमारत, तरीही तो स्पॅम नाही." काका म्हणाले, "म्हणजे लग्नाचं स्थळ." म्हटलं हो, तसंच. आपण जाहिरात दिली तर आलेलं पत्र हे स्थळ, नाहीतर आगाऊपणा.

कायदा काय सांगतो, असं सीए मॅडमनी विचारलंच. त्यांचा धंदा तो. अमेरिकेत २००३ चा कॅन-स्पॅम कायदा आहे, १ जानेवारी २००४ पासून लागू. त्याचा रोख असा की जाहिरात पाठवा, पण खोटा विषय घालू नका, टपालाचा खरा पत्ता द्या, आणि नको म्हटलं की दहा कामकाजी दिवसांत थांबा. म्हणजे न मागता पाठवणं तिथे गुन्हा नाही. युरोपात उलट: आधी परवानगी, मग मेल; फक्त ज्या गिऱ्हाइकाने तुमच्याकडून काही घेतलंय त्याला तशाच मालाबद्दल लिहिता येतं, नको म्हणायची सोय देऊन. आपल्याकडे १९०९ हा क्रमांक आणि डीएनडीची यंत्रणा आहे ती फोन आणि एसएमएससाठी, मेलला ती लागत नाही. आयटी कायद्याच्या ६६ (अ) कलमात त्रास देणाऱ्या मेलचा उल्लेख होता, पण ते कलमच सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं, आणि त्याची कारणं वेगळी आणि रास्त होती. तेव्हा आमच्या फिल्टरसाठी तयार रेघ कुठल्याच कायद्यात नव्हती. आणि असती तरी, कायद्याने चालणारी प्रत्येक गोष्ट मी माझ्या इनबॉक्समध्ये का येऊ द्यावी?

जाता जाता एक गंमत. तळाशी कायद्याचा हवाला देणारे मेल तुम्हीही पाहिले असतील: 'अमेरिकन काँग्रेसच्या एस १६१८ विधेयकानुसार या मेलला स्पॅम म्हणता येणार नाही.' ते १९९८ सालचं विधेयक, त्याचा कायदा कधी झालाच नाही. पण वाक्य पिढ्यान् पिढ्या चिकटवलं गेलं. मेल स्वतःहून सांगतोय 'मी स्पॅम नाही', म्हणजे कडी न वाजवता आलेला पाहुणा 'मी चोर नाही' म्हणतोय. आमच्याकडे असा एक मेल आला होता तो मराठी जाहिरातीखाली.

अधलेमधले

व्याख्या सांगायला सोपी. खरा वेळ गेला तो सीमेवरच्या मेलांत. सगळ्यांना एका संध्याकाळी पार्ल्याला बोलावलं, वडापाव मागवले आणि पन्नासेक मेल छापून टेबलावर ठेवले. एकेक उचलून ठरवत गेलो. काही निर्णय इथे देतो. तुमचे वेगळे असू शकतील, पण लिहून ठेवा.

गोरेगावच्या प्रदर्शनात स्टॉलवरच्या काचेच्या बाउलमध्ये व्हिजिटिंग कार्ड टाकलं, त्या स्टॉलवाल्याचा मेल आला. मालकांचं म्हणणं, कार्ड टाकलं म्हणजे बोलावलंच की. ताईंचं म्हणणं, बक्षिसाच्या सोडतीसाठी टाकलं होतं. शेवटी ठरलं: त्याच स्टॉलवाल्याचा मेल स्पॅम नाही, नको असेल तर अनसबस्क्राइब करा. पण प्रदर्शनाच्या 'भागीदारां'चे जे मेल पाठोपाठ येतात, ते स्पॅम. परवानगी हातउसनी देता येत नाही.

ज्या दुकानातून आपण माल घेतलाय त्याच्या जाहिराती: स्पॅम नाहीत. कंटाळवाण्या आहेत, पण स्पॅम नाहीत. अनसबस्क्राइब करून दहा कामकाजी दिवस झाले तरी येतच राहिल्या, तर त्या दिवसापासून स्पॅम. दहा दिवसांचा आकडा अमेरिकन कायद्यातून उसना घेतला. जीमेल घाऊक पाठवणाऱ्यांना दोनच दिवस देतं, पण मी उदार आहे.

बिल आणि जाहिरात एकाच मेलात असेल तर? अमेरिकेतल्या नियमात इथे एक चांगली कसोटी आहे: विषयाची ओळ वाचून ती जाहिरात वाटते का, आणि व्यवहाराचा मजकूर सुरुवातीलाच आहे की जाहिरातींच्या खाली पुरलाय? आम्ही तीच घेतली, पण व्यवहार खरा असेल तर मेल कधीच स्पॅममध्ये टाकायचा नाही, फार तर शिव्या घालायच्या. कारण त्यात पावती असते, आणि पावती मार्चअखेरीला लागते.

'तुमची वेबसाइट बघत होतो, गूगलवर पहिल्या पानावर आणून देतो' हे मेल साध्या जीमेल पत्त्यावरून, एकट्याला लिहिल्यासारखे येतात. घाऊक दिसत नाहीत, म्हणून ताई अडखळल्या. पण तोच मजकूर तिन्ही ठिकाणी त्याच आठवड्यात आलेला मी दाखवला. सोसायटीला तर वेबसाइटच नाही. स्पॅम.

आणि मग टूर कंपनीच्या मालकांनी व्याख्येला सुरुंग लावला. महाबळेश्वरच्या एका हॉटेलचा ऑफ-सीझन रेटचा मेल उचलून म्हणाले, "हा मी मागितला नव्हता. शंभर जणांना गेलाय हेही दिसतंय. पण मला हवाय. याच्यावर माझा धंदा चालतो." मी गप्प. व्याख्येप्रमाणे तो स्पॅम. माणूस म्हणतोय हवाय. बराच वाद झाल्यावर ठरलं ते असं: हवेनकोपण पाठवणाऱ्यांच्या यादीतून सांभाळायचं, शिकवणीतून नाही. त्या हॉटेलचं नाव 'येऊ द्या' यादीत घातलं. पण तो मेल 'चांगला' म्हणून फिल्टरला शिकवला नाही, कारण त्याच शब्दांचे आणखी चाळीस मेल खरंच नको असलेले आहेत.

मला वाटतं या सगळ्यात हाच निर्णय सगळ्यात उपयोगी ठरला. ज्या मेलबद्दल खोलीतल्या दोन माणसांचं पटत नाही, तो मेल फिल्टरला दाखवायचाच नाही. ना इकडे, ना तिकडे.

फिल्टरमध्ये काय बदललं

पहिलं म्हणजे तिसरं फोल्डर: 'जाहिराती'. मागितलेल्या, पण आत्ता वाचायच्या नसलेल्या मेलांसाठी. आधी सगळ्यांकडे दोनच पर्याय होते, इनबॉक्स किंवा स्पॅम, म्हणून कंटाळ्याचे मेल स्पॅममध्ये ढकलले जात होते. आता डव्हकॉटमध्ये एक नियम आहे: मेलच्या हेडरमध्ये अनसबस्क्राइबची ओळ असेल, गुण ५ च्या खाली असतील आणि पाठवणारा बिलं-स्टेटमेंटवाल्यांच्या यादीत नसेल, तर मेल 'जाहिराती'त. ही ओळ नवी नाही, १९९८ पासून मानकात आहे. पण फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइबची सोय सक्तीची करायला घेतली, त्यामुळे प्रामाणिक जाहिरातींमध्ये ती आता जवळपास नेहमी सापडते. चर्चेच्या गटांचे मेलही तीच ओळ घेऊन येतात, त्यांना वेगळं काढा. ताईंच्या सीए अभ्यासगटाचे मेल पहिल्या दिवशी जाहिरातींत गेले होते.

'जाहिराती' फोल्डरमधलं काहीही शिकवणीला जात नाही. आपोआप शिकणं बंद केलं. स्पॅम फोल्डरात माणसाने स्वतः हलवलेला मेल तेवढाच स्पॅम म्हणून शिकला जातो, आणि तिथून बाहेर काढलेला चांगला म्हणून. डव्हकॉटमध्ये नियम लिहायची सीव्ह नावाची सोय आहे, तिला हे जमतं.

फंडांची स्टेटमेंट, बँका, भागधारकांच्या सभेच्या नोटिसा पाठवणारे रजिस्ट्रार, यांची 'येऊ द्या' यादी केली. पण नुसत्या 'फ्रॉम' पत्त्यावर कधीही विसंबू नका, तो कोणीही खोटा लिहू शकतो. एसपीएफ (त्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची नोंद) किंवा डीकेआयएम (डोमेनची डिजिटल सही) यांची खातरजमा झाली तरच लागू होणारी यादी वापरा, स्पॅमअसॅसिनच्या ४.० आवृत्तीपासून तिचं नाव वेलकमलिस्ट असं झालंय. आणि उलट चूकही करू नका: डीकेआयएम बरोबर आहे म्हणून मेल चांगला, असं नसतं. ती सही फक्त कोणाच्या नावाने आला ते सांगते. बोलावलं होतं का, ते नाही.

मग वही कोरी केली. जुनं सगळं शिकलेलं पुसलं आणि तिन्ही ठिकाणांना तीन वेगळ्या वह्या दिल्या. हे आधीच करायला हवं होतं. टूर कंपनीचे हॉटेल रेट आणि सोसायटीचे बिल्डर एकाच वहीत शिकवून मी काय मिळवणार होतो?

यात एक अडचण आहे, ती सांगायला हवी. किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकल्याशिवाय बेझ तोंडच उघडत नाही. सीए ऑफिसचे जुने मेल पुरेसे होते, एका दुपारीत काम झालं. सोसायटीला मात्र वर्षाला चांगले मेल येतात किती? मेंटेनन्सच्या पावत्या, लिफ्टवाला, ऑडिटर, आणि तिसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा जे पार्किंगबद्दल रोज लिहितात. २०० चा आकडा गाठायला तीन महिने लागले, त्यातले निम्मे आजोबांचे. तोवर फक्त नियमांवर चाललं आणि काकांना थोडे बिल्डर सोसावे लागले. कमी मेल येणाऱ्या ठिकाणी घाई करून दुसऱ्या ऑफिसचे मेल उसने भरू नका, त्यानेच आमचा घात केला होता.

अनसबस्क्राइबबद्दल सगळे विचारतात, दाबायचं की नाही? पाठवणारा ओळखीचा असेल, डीकेआयएमच्या सहीतलं डोमेन त्याचंच असेल, तर बिनधास्त दाबा. खऱ्या स्पॅममध्ये दाबलंत तर 'या पत्त्यावर माणूस राहतो' एवढंच त्याला कळवलंत. त्याला स्पॅममध्येच हलवा.

हे करून सहा महिने झाले. सीए ऑफिसातून एकदाच फोन आला, तोही एका क्लायंटने विषय रिकामा ठेवून नुसतं चित्र पाठवलं होतं म्हणून. टूर कंपनीच्या 'येऊ द्या' यादीत आता ३७ हॉटेलं आहेत, ती मालक स्वतः सांभाळतात.

गेल्या आठवड्यात काकांचा फोन आला. "ठराव झाला रे. सल्लागार नेमलाय, निविदा काढतोय. आता बिल्डरांचे मेल येऊ देत." तीन महिने खपून शिकवलेली वही डोळ्यांसमोर आली. पुसायची नाही असं ठरवलं. निविदेच्या कागदावर एक क्रमांक आहे, शंका विचारणाऱ्याने तो विषयात लिहावा अशी अट काकांनी घालून घेतली. तो क्रमांक असलेला मेल 'निविदा' फोल्डरात, शेवटच्या तारखेपर्यंत. क्रमांक नसलेले अजून येतायत, वर सोसायटीचं नाव बदलून, पूर्वीसारखेच. ते स्पॅममध्ये.